शिळाछापापासून तांब्याच्या पाटीपर्यंत



रेडिओची पाठ उघडून आत डोकावण्याचा मोह लहानपणी ज्याला झाला नाही असा माणूस विरळाच. काचेच्या दिव्यांच्या जुन्या रेडिओत डोकावले म्हणजे तारांचे जंजाळ दिसे. लाल, पिवळ्या, काळ्या तारा एकमेकींच्या अंगावरून गेलेल्या, आणि प्रत्येक सांध्याला कोणीतरी हाताने दिलेला डाग. पुढच्या काळातील रेडिओतून हे जंजाळ नाहीसे झाले. त्याच्या जागी एक सपाट पाटी आली आणि तिच्या अंगावर तांब्याच्या रेषा, नकाशावर नद्या-उपनद्या दाखवाव्यात तशा, पसरलेल्या दिसू लागल्या. या पाटीला बाजारात पीसीबी म्हणतात. म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड, विजेच्या वाटा छापलेली पाटी. आज हातातील दूरध्वनीपासून रुग्णालयातील यंत्रापर्यंत ही पाटी नाही असे विद्युत्-उपकरण मुद्दाम शोधावे लागेल. परंतु 'छापलेली' या शब्दापाशी थांबून, ती कोणी छापली आणि छापखान्याचा विजेशी संबंध काय, असे विचारणारे थोडे. तो प्रश्न आज आपण विचारणार आहोत.

विचारण्याचे निमित्त मात्र घरगुती आहे. अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी किंवा रेडिओचा नाद असलेला एखादा गृहस्थ अशी पाटी घरच्या घरी तयार करतो. त्याची कृती थोडक्यात अशी. वाटांची आकृती संगणकावर काढावयाची. शाईचे सूक्ष्म थेंब उडवून छापणारा जो प्रिंटर, ज्याला इंकजेट म्हणतात, त्यावर ती आकृती पारदर्शिकेवर काळ्या शाईत छापावयाची. तांब्याचा वर्ख चिकटवलेल्या पाटीवर उजेडाने बदलणारा एक लेप असतो. त्यावर ही पारदर्शिका ठेवून वर काच दाबावयाची आणि काही मिनिटे प्रखर उजेड द्यावयाचा. जेथे शाई तेथे सावली. जेथे शाई नाही तेथे उजेड. उजेड लागलेला लेप कॉस्टिक सोड्याच्या सौम्य पाण्यात धुऊन जातो, सावलीतला राहतो. मग पाटी फेरिक क्लोराइडच्या तपकिरी द्रावणात सोडली, की उघडे पडलेले तांबे विरघळते आणि लेपाखालचे शिल्लक उरते. जे शिल्लक उरले तीच विजेची वाट.

घरातील वडीलधाऱ्यांस या उद्योगाचे दर्शन बहुधा मोरीत पडलेल्या, काही केल्या न निघणाऱ्या तपकिरी डागांच्या रूपाने घडते. साहजिकच ते म्हणतात, "जे कारखान्यात उत्तम होते त्याची ही ओबडधोबड नक्कल घरात कशाला?" तक्रारीतील डागांचा भाग आम्हांस मान्य आहे. नकलेचा भाग मात्र मान्य नाही. या विद्येचा इतिहास चाळला तर क्रम उलटा दिसतो. तिची एकेक पायरी कोणा एकट्या, अडलेल्या माणसाने घरच्या साधनांनी आधी घातली आहे, आणि कारखाना तिच्यावर मागाहून चढला आहे. तो क्रम आता पाहू.

आरंभ होतो १७९६ साली, जर्मनीतील म्यूनिक शहरात. आलोइस झेनेफेल्डर नावाचा एक तरुण तेथे नाटके लिहीत असे. वडील नट होते. ते वारल्यावर शिक्षण सुटले. नाटके छापवून घ्यावीत तर छपाईचा खर्च भारी. स्वतः छापावीत तर खिळे आणि यंत्र घेण्यास पैसा नाही. म्हणून तो तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे लिहून ती अम्लाने कोरण्याचा सराव करू लागला. अम्लाने कोरण्याची विद्या त्याच्या पदरची नव्हे. चिलखतांवर नक्षी काढणारे कारागीर आणि त्यांच्यामागून रेम्ब्रांटसारखे चित्रकार ती वापरीत आले होते. धातूवर मेणासारखा थर द्यावयाचा, सुईने तो रेघेरेघेने काढावयाचा आणि पत्रा अम्लात बुडवावयाचा. जेथे थर तेथे धातू राखला जातो. जेथे थर नाही तेथे अम्ल त्याला खाते. शेताला राखण असावी तसा हा थर. या राखणीची आठवण आपण शेवटपर्यंत ठेवू या. कारण आमची सारी कथा एवढीच आहे, की ही राखण धातूवर बसवावी कशी.

झेनेफेल्डरने लिहिताना होणाऱ्या चुका झाकण्यासाठी मेण, साबण आणि काजळी यांची एक शाई घरीच तयार केली होती. सरावासाठी तांबे परवडेना, म्हणून चुनखडीचा एक गुळगुळीत दगडही आणून ठेवला होता. एके दिवशी धोबीण दारात उभी राहिली आणि आईने कपड्यांची यादी लिहून घेण्यास सांगितले. घरात कागदाचा कपटा नाही, दौतीतील शाई वाळलेली. त्याने आपल्या मेणाच्या शाईने ती यादी दगडावरच लिहून टाकली. पुढे ती पुसण्याआधी त्याच्या मनात आले, की यावर पातळ केलेले नायट्रिक अम्ल ओतून पाहावे. अम्लाने मोकळा दगड खाल्ला, शाईखालचा राखला, अक्षरे किंचित वर उठून उभी राहिली. ही हकीकत त्याने स्वतःच आपल्या १८१८ सालच्या ग्रंथात सांगितली आहे. त्याच दगडांच्या बळावर त्याने ग्लाइस्नर नावाच्या संगीतकाराची गाणी छापण्याचे काम सुरू केले. १७९८ च्या सुमारास त्याला पुढची युक्ती साधली. स्निग्ध शाई पाण्याला दूर सारते, आणि ओला दगड स्निग्ध शाईला. मग कोरण्याचीही गरज उरत नाही. हाच शिळाछाप. संगीताच्या छपाईपासून त्याचा आरंभ झाला हे ध्यानात असू द्यावे. पुढे त्याचा धागा पुन्हा हाती येणार आहे.

पस्तीस वर्षांच्या आत ही विद्या मुंबईस पोचली आणि मराठी वाचकाच्या घरात शिरली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम केलेले गणपत कृष्णाजी यांच्या मनात स्वतःचा छापखाना काढावा असे आले. साहित्य विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनी लाकडाचे यंत्र स्वतः जुळवले, दगड मिळवले, शाईही स्वतः केली, आणि १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापून काढले. छापलेला ग्रंथ सोवळ्यात चालेल काय, शाईत चरबी असते त्याचे काय, अशी शंका त्या काळी मोठी होती. आणि तिचे निवारण करण्यासाठी तुपाची शाई वापरली गेली असे सांगतात. आपण या हकीकतीकडे सामाजिक इतिहासातील गंमत म्हणून पाहतो. परंतु रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर शंका आणि निवारण दोन्हीही मर्मावर बोट ठेवणारी आहेत. शिळाछापाचा सारा व्यवहार स्निग्धतेवर चालतो. चरबी काढून टाका म्हणणाऱ्याला पाण्यासारखी शाई देऊन भागले नसते. तिच्या जागी दुसरा स्निग्ध पदार्थच हवा होता, आणि तूप तो होता.

येथवर राखण घालणारा हात माणसाचा होता. अक्षर असो, चित्र असो, ते कोणीतरी दगडावर काढले पाहिजे. पण ज्याला चित्र काढता येत नाही त्याने काय करावे? फ्रान्समध्ये शालों-सुर-सोन या गावाजवळ राहणारे निसेफोर निएप्स यांना हीच अडचण होती. शिळाछापाचा नाद लागला, पण हात चित्रकाराचा नव्हता. मुलगा चित्रे काढून देई, तो सैन्यात गेला. तेव्हा हे काम उजेडाकडूनच करवून घेता येईल का, या शोधास ते लागले. ज्यूडियाचे बिट्युमेन म्हणून डांबराच्या जातीचा एक नैसर्गिक पदार्थ आहे. तो लव्हेंडरच्या तेलात विरघळवून पातळ लेप दिला आणि उन्हात ठेवला, तर ऊन लागलेला भाग कडक होतो. सावलीतला भाग तेलात पुन्हा विरघळतो. निएप्स यांनी कागदावरील एक छापील चित्र घेतले, त्याला तेलकट लेप देऊन अर्धपारदर्शक केले आणि लेप दिलेल्या पत्र्यावर ठेवून उन्हात मांडले. १८२६ साली कार्डिनल द'आंब्वाज यांच्या चित्राचा पत्रा त्यांनी असा केला. पुढे तो अम्लाने कोरून त्याच्या छापील प्रतीही निघाल्या.

श्रोत्यांनी क्षणभर थांबून या पत्र्याकडे पाहावे. अर्धपारदर्शक केलेले चित्र, खाली उजेडाने बदलणारा लेप, लेपाखाली धातू, शेवटी अम्ल. अभियांत्रिकीचा विद्यार्थी आज रात्री जे करणार आहे ते हेच. कित्येक हौशी लोक पारदर्शिका नसली तर साध्या कागदावर आकृती छापून त्याला गोडे तेल चोळतात आणि भागवून नेतात. आपण निएप्स यांचीच वाट चालत आहोत हे त्यांना ठाऊकही नसते. निएप्स यांचे नाव सामान्यतः छायाचित्रणाचे आद्य संशोधक म्हणून घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण ते त्या वाटेला लागले ते छापखान्याच्या गरजेपोटी.

बिट्युमेनला उन्हाचे तासच्या तास लागत. इंग्लंडात हेन्री फॉक्स टॅल्बट यांना त्याहून चपळ पदार्थ सापडला. पोटॅशियम डायक्रोमेटने माखलेला कागद उजेडात काळवंडतो हे मुंगो पाँटन यांनी १८३९ साली दाखवले होते. सरसाच्या जातीचे जिलेटिन डायक्रोमेटमध्ये मिसळले तर उजेड लागलेले जिलेटिन कडक होते हे टॅल्बट यांनी ओळखले, आणि १८५२ साली धातूवर छायाचित्र कोरण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. १८५८ सालच्या दुसऱ्या पेटंटात कोरण्यासाठी त्यांनी निवडलेले द्रव्य होते फेरिक क्लोराइड. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पुडीत बांधून मिळणारे, मोरीत डाग पाडणारे द्रव्य ते हेच. नायट्रिक अम्लासारख्या विषारी वाफा त्यातून उठत नाहीत, आणि तांब्याला ते सावकाश, सारखेपणाने खाते. लोहाचा क्षार तांब्याला आपल्याकडे ओढून घेतो आणि स्वतः उतरत्या प्रतीचा क्षार होतो. रसायनाचा एवढाच व्यवहार. परंतु घरात ही विद्या राहू शकली ती या सौम्यपणामुळे.

टॅल्बट यांच्या मागून हा धंदा जगभर झाला. वर्तमानपत्रांतील जस्ताचे ब्लॉक या रीतीने होत, नकाशे होत. पुण्याच्या सरकारी फोटोझिंको मुद्रणालयाच्या नावातच हा सारा इतिहास साठवला आहे: फोटो म्हणजे उजेड, झिंक म्हणजे जस्त. आणि दादासाहेब फाळके? 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर येण्यापूर्वी ते याच विद्येत मुरलेले होते. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण आणि ब्लॉक करण्याची कला शिकले, लोणावळ्यास त्यांनी उजेडाच्या साहाय्याने दगडावर चित्रे उतरवण्याचे काम केले आणि मग स्वतःचा छापखाना चालवला. उजेड, काळोख आणि त्यांमधील पारदर्शक पट्टी यांचा खेळ त्यांच्या हातात बसलेला होता.

आता विजेकडे वळू. पाउल आइस्लर यांचा जन्म व्हिएन्नात १९०७ साली झाला. त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली, पण ज्यू असल्यामुळे शिक्षणाला साजेशी नोकरी मिळेना. काही काळ त्यांनी रेडिओचे काम केले आणि काही काळ ते एका मुद्रणसंस्थेत राहिले. एकाच माणसाच्या डोक्यात रेडिओ आणि छापखाना शेजारी शेजारी बसले ते असे, नाइलाजाने. १९३६ साली ते लंडनला गेले. नोकरी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. हॅम्पस्टेड भागात भाड्याची एक खोली होती. त्या खोलीत त्यांनी विचार केला, की छापखान्यात ब्लॉक करताना नको असलेला धातू खाऊन टाकतात आणि हवी असलेली रेघ राखतात. मग ती रेघ तारेऐवजी का वापरू नये? पाटीवर तांब्याचा वर्ख चिकटवावा, त्यावर सर्व तारांचा नकाशा छापावा, उरलेले तांबे अम्लाने काढून टाकावे. हजार सांधे हाताने जोडण्याऐवजी हजार वाटा एका छापात तयार व्हाव्यात.

एका मोठ्या रेडिओ कारखान्यापुढे त्यांनी हे मांडले. उत्तर असे मिळाले, की तारा जोडण्याचे काम मुली करतात. त्या स्वस्तही पडतात आणि काम बदलले तर त्यांना सांगताही येते. या उत्तरात मूर्खपणा नव्हता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. त्या दिवसाच्या जमाखर्चात ते बरोबरच होते. चूक एवढीच, की जमाखर्च त्या दिवसाचा होता.

महायुद्ध सुरू झाले तेव्हा शत्रुराष्ट्रातून आलेला परका म्हणून आइस्लर यांना स्थानबद्ध करण्यात आले. ज्या राजवटीपासून ते पळून आले तिचेच नागरिक म्हणून हे घडले. १९४१ साली सुटका झाल्यावर त्यांना अखेर आधार देणारी संस्था मिळाली: लंडनमधील हेंडर्सन अँड स्पॉल्डिंग, संगीताची स्वरलिपी छापणारा छापखाना. ग्लाइस्नरची गाणी छापणाऱ्या झेनेफेल्डरचा धागा दीडशे वर्षांनी येथे पुन्हा हाती येतो. रेडिओवाल्यांना जे उमजले नाही ते संगीत छापणाऱ्यांना उमजले; पाच समांतर रेषा पानभर बिनचूक छापणे हाच त्यांचा रोजचा व्यवहार होता. १९४३ साली पेटंटाचे अर्ज झाले. १९४८ साली अमेरिकेतील पेटंट मिळाले. त्याच काळात अमेरिकेत तोफगोळ्यांच्या फ्यूजसाठी चिनी मातीच्या पाट्यांवर चांदीच्या शाईने वाटा छापण्याची निराळी रीत वापरात आली होती. पण पुढे जगभर चालली ती तांब्याचा वर्ख खाऊन वाट राखण्याची रीत. आइस्लर यांच्या वाट्याला त्यातून फारसे धन आले नाही. हक्क करारानुसार कंपनीकडे गेले, पुढे न्यायालयीन वाद झाले, आणि १९९२ साली ते वारले तेव्हा त्यांचे नाव अभियंत्यांच्या मंडळीबाहेर थोड्यांनाच ठाऊक होते.

मग ही विद्या कारखान्यातून पुन्हा घरी कशी आली? तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या. पहिली लेपाची. डायक्रोमेटचा लेप आयत्या वेळी करावा लागे, फार काळ टिकत नसे, आणि डायक्रोमेट विषारी. १९५० नंतरच्या दशकात कोडॅक कंपनीने आणि जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञांनी टिकाऊ लेप बाजारात आणले. पुढे असे लेप दिलेल्या पाट्या काळ्या चिकटपट्टीखाली झाकून तयार मिळू लागल्या.

दुसरी गोष्ट पारदर्शिकेची, आणि ती आपल्या व्याख्यानमंडळीच्या जिव्हाळ्याची आहे. ज्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सभागृहांतून व्याख्याने ऐकली आहेत त्यांना ओव्हरहेड प्रोजेक्टर आठवत असेल. वक्त्याने स्वच्छ प्लॅस्टिकच्या पानावर मुद्दे लिहून आणावेत आणि ते दिव्यावर ठेवावेत. त्या पानांना दुकानदार ओएचपी शीट म्हणत. संगणकाच्या प्रोजेक्टरने ते यंत्र सभागृहांतून हद्दपार केले. पण व्याख्यानासाठी जन्मलेले ते पान कापडावर नक्षी छापणाऱ्यांच्या आणि तांब्याची पाटी करणाऱ्यांच्या हातात टिकून राहिले.

तिसरी गोष्ट शाई उडवणाऱ्या प्रिंटरची. शाईची बारीक धार कागदावर सोडून रेघ उमटवण्याची कल्पना जुनी आहे. समुद्रतळाच्या तारायंत्रासाठी सर विल्यम टॉम्सन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेल्यांनी, १८६७ साली तसे उपकरण योजले होते. स्वीडनमधील रूने एल्मक्विस्ट यांनी ती कल्पना हृदयाचे आलेख काढण्याच्या यंत्रात वापरली. परंतु घरगुती प्रिंटरची वाट १९७७ साली जपानमध्ये उघडली. कॅनन कंपनीच्या संशोधनशाळेत इचिरो एंडो यांच्या टेबलावर तापलेले सोल्डरिंग आयर्न होते. ते शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला चुकून टेकले, आणि सुईच्या टोकातून शाईचा थेंब उडाला. उष्णतेने शाईत बुडबुडा होतो आणि तो पुढचा थेंब बाहेर ढकलतो, हे त्यांनी ताडले. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीही जवळजवळ त्याच वेळी याच युक्तीपाशी पोचली. तिचा पहिला असा प्रिंटर १९८४ साली बाजारात आला. ज्या हत्याराने पाटीवर डाग देतात त्याच हत्याराने पाटी छापणाऱ्या यंत्राला जन्म द्यावा, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो.

इतके सर्व हाताशी आल्यावर काम सोपे झाले असेल अशी कोणाची समजूत होईल. आमचीही झाली होती. आम्ही पहिली पाटी केली तेव्हा आकृती नीट होती, शाई डोळ्यांना काळीभोर दिसत होती, उजेड भरपूर दिला होता. आणि द्रावणातून पाटी काढली तेव्हा वाटा जागोजाग झिजून तुटलेल्या होत्या. शाई काळी दिसत असूनही गळकी होती. लेप ज्या उजेडाने बदलतो तो जांभळ्या टोकाचा आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. आपल्या डोळ्यांना जे काळे ते त्या उजेडाला काळे असेलच असे नाही. पारदर्शिका खिडकीशी धरून पाहिली, तेव्हा काळ्या भागात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आणि प्रिंटरच्या फेऱ्यांचे पट्टे दिसले. सावली पुरेशी दाट नव्हती. राखण झोपली होती.

त्यानंतर जे शिकलो ते असे. इंकजेटसाठी केलेल्या पारदर्शिकेची एक बाजू खरखरीत असते. शाई धरून ठेवणारा थर त्या बाजूला असतो. गुळगुळीत बाजूवर शाई थेंबाथेंबाने गोळा होते. प्रिंटरला कागदाचा प्रकार आणि उत्तम प्रत सांगितल्याशिवाय तो पुरेशी शाई सोडत नाही. एक पारदर्शिका फिकी वाटली तर त्याच आकृतीच्या दोन, रेघेवर रेघ जुळवून, एकावर एक चिकटवाव्यात. शाईची बाजू तांब्याला टेकली पाहिजे, नाहीतर पानाच्या जाडीतून उजेड तिरपा आत शिरतो आणि बारीक रेघ खातो. म्हणून आकृती उलटी छापावी. पान पालथे घातल्यावर अक्षरे सुलटी वाचता आली म्हणजे झाले. झेनेफेल्डरला उलटी अक्षरे लिहिण्याचा सराव महिनोन् महिने करावा लागला. आपल्याला एक कळ दाबून भागते, पण ती दाबायची आठवण ठेवावी लागतेच. आणि उजेड किती वेळ द्यावा हे कोणाला विचारू नये. पाटीचा एक तुकडा घ्यावा, पुठ्ठा मिनिटामिनिटाने सरकवत त्याच्या पट्ट्यांना कमीअधिक उजेड द्यावा, आणि कोणत्या पट्टीत लेप स्वच्छ धुतला जाऊनही रेघ शाबूत राहते ते पाहावे. कॉस्टिक लिटरभर पाण्याला सात ते दहा ग्रॅम पुरते. जास्त झाले तर सावलीतला लेपही निघतो. तांब्याचा वर्ख सामान्यतः अवघा ०.०३५ मिलिमीटर जाड असतो, तेव्हा द्रावणात पाटी विसरून चहाला जाऊ नये. वापरलेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते आणि पाण्यातील जीवांना ते घातक आहे. ते मोरीत ओतणे हा डागांपेक्षा मोठा अपराध होय. बाटलीत साठवून घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावे.

आता वडीलधाऱ्यांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आज आकृती परदेशातील कारखान्याकडे पाठवली तर दोन्ही बाजूंच्या, भोकांतून तांबे चढवलेल्या सुबक पाट्या थोड्या पैशांत घरपोच येतात. इतकी बारीक आणि इतकी नेमकी पाटी आपल्या मोरीत होणार नाही. झाली तरी शंभर होणार नाहीत. हे कबूल करण्यात कमीपणा नाही. शंभर पाट्या हव्या असतील त्याने कारखान्याकडेच जावे.

परंतु 'बाहेरून स्वस्त मिळते' हे उत्तर आपण याआधी ऐकले आहे. तारा जोडणाऱ्या मुली स्वस्त पडतात, या उत्तराचेच ते भावंड आहे. दोन्ही त्या दिवसाच्या जमाखर्चात बरोबर आहेत, आणि दोन्हींत एक रकाना राहून गेला आहे: करणाऱ्याला काय कळले, हा. झेनेफेल्डरला छपाई परवडली असती तर तो अम्लाच्या वाटेला गेला नसता. गणपत कृष्णाजींना यंत्र आयते मिळाले असते तर शाई कशाची बनते हे त्यांना शोधावे लागले नसते. निएप्स यांचा मुलगा घरी असता तर उजेडाला कोणी चित्र काढावयास सांगितले नसते. गरिबी ही चांगली गोष्ट आहे असे यावरून कोणी काढू नये. आइस्लर यांना ती किती महाग पडली ते आपण पाहिले. म्हणणे एवढेच, की पाटी विकत घेणाऱ्याच्या हाती पाटी येते, आणि एकदा तरी ती स्वतः करणाऱ्याच्या हाती पाटीबरोबर तिचे कारणही येते. रेघ का तुटली, सावली कोठे गळली, हे ज्याने खिडकीशी पान धरून शोधले आहे, तो उद्या कारखान्याला आकृती पाठवील तेव्हाही शहाणपणाने पाठवील.

तेव्हा घरातील मुलाने मोरीत डाग पाडले तर रागवावे. तो गृहस्थधर्मच आहे. मात्र रागावण्याआधी ती पाटी एकदा हातात घ्यावी, उजेडात तिरपी धरावी आणि तांब्याच्या वाटा अखंड आहेत ना ते पाहावे. तुटल्या असतील तर त्याला दुसरी पाटी आणून द्यावी.